पंचवीस अक्षरं

झेलेझ्निकीत डिसेंबरात दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो.
मी लावला, आणि झ्देन्काबाई दुकानात शिरल्या,
काखेत संगणक, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला,
आजारी मांजर डॉक्टरकडे आणावं तसा.
"नवी डिस्क तुम्हीच दिलीत मंगळवारी.
सगळं सांगितल्याप्रमाणे केलं.
तो म्हणतो, चूक आहे."
"कशात?"
"ते काही तो सांगत नाही."

किल्ली एका कागदावर होती.
पंचवीस अक्षरं, पाचापाचांचे पाच गट,
इग्नात्सच्या हातची.
इग्नात्स लाकूडगिरणीत मापं घ्यायचा.
त्याचा सात कमरेला पट्टा बांधून उभा,
त्याचा सहा पोट सुटलेला.
मार्चमध्ये गेला. दफनाला मीही होतो, मागच्या रांगेत,
ओल्या बुटांनी.

मी अक्षरं मारली.
ही किल्ली चालत नाही.
पुन्हा मारली, एका बोटानं,
बँकेत जुन्या नोटा मोजतात तशी.
ही किल्ली चालत नाही.
यंत्राचा एक गुण मानायला हवा:
नकार देताना आवाज चढवत नाही.

मग धंद्यातलं शहाणपण बाहेर काढलं.
आमच्या कळफलकावर वाय आणि झेड
जागा बदलून बसलेले असतात,
आणि हे त्या प्रोग्रामला कुणी सांगितलेलंच नव्हतं.
ते सांगितलं.
शिवाय या किल्ल्यांत शून्य नसतं, ओ नसतो,
एकही नसतो.
म्हणजे हा एक नव्हेच, सात आहे,
पट्टा बांधायला विसरलेला.
पण बी आणि आठ दोघंही आत नांदतात,
जी आणि सहासुद्धा,
एका छपराखाली, रोज भांडत.

तिसऱ्या गटातलं एक अक्षर मात्र कुणाचंच नव्हतं.
सी म्हणावं तर टोक आत वळलेलं,
जी म्हणावं तर आडवी रेघच नाही.
कागद दिव्यासमोर धरला
आणि त्यातून उजेडाचे दोनेकशे ठिपके आले.

"अहो, हा माझा नमुना," झ्देन्काबाई म्हणाल्या.
"पाठकोरा दिसला, म्हणून घेतला.
उशीवर टाचून अख्खी झालर विणली यावर,
पुतणीच्या लग्नाची.
मागे काय आहे, कोण बघतं?"
टाचणी बरोबर रेघेतून गेली होती.
त्या भोकाकडे बघत राहिल्या.
मला शेगडीत लाकूड सारायचं आठवलं.

जी.

किल्ली फिरली,
आणि दाराआडून दुसरा नकार आला:
ही किल्ली दुसऱ्या संगणकावर वापरात आहे.
"दुसरा? कुठला दुसरा?"
आवाज असा, जणू इग्नात्सचं कुठेतरी
वेगळं बिऱ्हाड निघालं.
"हाच तो," मी घाईनं म्हणालो.
"डिस्क बदलली ना. स्वतःलाच ओळखत नाहीये."
त्यांनी मान हलवली. हे त्यांना लगेच पटलं,
मला वाटलं त्याहून लवकर.

फोन लावला. पलीकडे माणूस नव्हता,
ध्वनिमुद्रित बाई होती,
भाषा आमचीच, पण कुठल्याच गावची नाही.
ती आकडे मागत गेली, मी देत गेलो.
शेवटी तिनं विचारलं,
हे किती संगणकांवर बसवलं आहे?
मी रिसीव्हर झ्देन्काबाईंच्या हातात दिला.
का दिला, सांगता येणार नाही. तसा नियम नाही.
त्या ताठ झाल्या, कोटाचं वरचं बटण लावलं.
"एक."
मग, कुणी विचारलं नसताना,
"एकटाच आहे तो."
दुसरं वाक्य त्या बाईला कळलं नसावं.
पहिल्यावर तिनं काम भागवलं.

साडेपाचला संगणक उजळला, 
काहीच न घडल्यासारखा.
त्यांचा नमुने काढायचा प्रोग्राम चढवला.
तो म्हणाला, माझी किल्ली?
झ्देन्काबाईंनी पिशवीत हात घातला
आणि दुसरा कागद काढला.
हाही भोकांचा.
मी दिवा जवळ ओढला.